लेकरू सांभाळण्याचा खर्च कोण भरतो?

मजुरीला जावे तर लेकरू कुणाजवळ ठेवावे? लेकराजवळ बसावे तर चूल कशी पेटावी?

हा प्रश्न पुष्कळ घरांत रोज सकाळी उभा राहतो. आईला तो नेहमीच पडतो. पण काही घरांत तो बापालाही पडतो. कुणाची बायको वारलेली असते. कुणाची अंथरुणाला खिळलेली असते. कुणाची घर सोडून गेलेली असते. कुठे नवराबायको दोघेही कामाला जातात, तेव्हा कुठे दोन वेळची भाकरी मिळते. घरात म्हातारे माणूस असतेच असे नाही. असले तर कधी कधी त्याचेच कुणीतरी करावे लागते.

अशा बापाने कुठे जावे? कुणाला विचारावे? पैशाची मदत मिळते का? या पाठात आम्ही तेच सांगणार आहोत. सावकाश वाचा. ज्याला अजून वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

खर्च वाचतो का?

पुष्कळ लोक म्हणतात, "लेकरू सांभाळायला पैसे कशाला लागतात? थोरली आहे की घरी!"

थोरलीचे वय असते नऊ वर्षांचे. धाकटा असतो दीड वर्षाचा. बाप कामाला जातो. थोरली धाकट्याला कडेवर घेते. आधी आठवड्यातून एक दिवस तिची शाळा बुडते. मग दोन दिवस बुडते. पेरणीच्या दिवसांत सगळा आठवडाच बुडतो. पुढे तिला वर्गातले काही समजत नाही. मग तीच म्हणते, "मला नाही जायचं शाळेत." आणि बाप म्हणतो, "पोरीला शाळेची आवडच नाही!"

आवड नव्हती असे नाही. सवड नव्हती.

तुमच्या साक्षरता वर्गात ज्या बाया बसतात त्यांना विचारा, "बाई, लहानपणी तुमची शाळा का सुटली?" त्यांतल्या काही जणी सांगतील, "धाकट्या भावाला सांभाळत होते." आज त्या केस पिकल्यावर अक्षरे गिरवीत आहेत.

म्हणजे खर्च वाचत नाही. बापाने भरला नाही तर तो थोरली भरते. ती पैशाने भरत नाही. ती आपल्या शाळेने भरते.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला. तो हक्क थोरलीचाही आहे. धाकट्याला सांभाळण्यासाठी तो काढून घेता येत नाही.

ही गोष्ट फार पूर्वी कुणी ओळखली?

ताराबाई मोडक नावाच्या एक बाई होऊन गेल्या. लहान मुलांचे शिक्षण हेच त्यांनी आपले काम मानले. १९४५ साली त्यांनी बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे.

त्या भागात गरीब वस्ती पुष्कळ. आईबाप दिवसभर कामावर. मुले बालवाडीत येत नसत. मग या बायांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आज हा शब्द सगळ्या देशात चालतो.

पुढे त्यांचे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालवल्या. तिला विकासवाडी म्हणत. थोरली येताना कडेवर धाकट्याला घेऊन आली तरी अडत नसे. धाकटा पाळण्यात राही. थोरली शाळेत बसे. दोघांची सोय होई.

आपल्यालाही हेच करायचे आहे. त्यासाठी पाच दारे आहेत. एकेक दार पाहू या.

पहिले दार : अंगणवाडी

सरकारी अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथून पोषण आहार मिळतो. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत बसतात, खेळतात, गाणी शिकतात. त्यांना तिथेच ताजा आहार मिळतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार देतात. वजन करतात. लसीची आठवण देतात. याला पैसे पडत नाहीत.

पण बाप अंगणवाडीच्या दारात जायला संकोचतो. तिथे सगळ्या बाया असतात. असाच एक बाप दाराबाहेर उभा होता असे समजा. त्याचे आणि ताईंचे बोलणे वाचा.

"या ना दादा, बाहेर का उभे?"

"काय नाही ताई. पोराची आई वारली. आता मीच आणून सोडणार. चालंल का?"

"चालेल म्हणजे काय! मूल महत्त्वाचं. कुणी आणलं ते महत्त्वाचं नाही. नाव सांगा, जन्मतारीख सांगा."

"आणि न्यायला उशीर झाला तर?"

"ते मात्र होणार नाही दादा. अंगणवाडी थोडेच तास असते. दुपारी कुणीतरी यायलाच हवं. कोण येणार त्याचं नाव मला आधी सांगून ठेवा."

ताईंनी खरे ते सांगितले. अंगणवाडीने सकाळची सोय होते. सगळ्या दिवसाची होत नाही. म्हणून दुसऱ्या दारी जावे लागते.

दुसरे दार : पाळणाघर

पाळणाघर म्हणजे दिवसभर मुले सांभाळण्याची जागा. केंद्र सरकारची 'पाळणा' नावाची योजना २०२२ सालापासून आहे. त्याआधी राष्ट्रीय पाळणाघर योजना होती. 'पाळणा' योजनेत काही अंगणवाड्यांनाच पाळणाघर जोडायचे ठरले आहे. तिथे सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले ठेवता येतात. महिन्यातले २६ दिवस आणि रोज साडेसात तास पाळणाघर उघडे असावे, असा नियम आहे.

अशी पाळणाघरे गावोगावी नाहीत. म्हणून आधी चौकशी करावी. तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी असतात. अंगणवाडीचे काम तेच पाहतात. त्यांना विचारावे, "आमच्या जवळ पाळणाघर कुठे आहे? नसेल तर आमच्या अंगणवाडीला जोडता येईल का?"

योजनेच्या कागदात आईचेच नाव पुढे असते. त्यामुळे एखादा कारकून बापाला परत पाठवील. बापाने रागावू नये आणि परतही फिरू नये. घरात आई का नाही, किंवा ती का सांभाळू शकत नाही, हे लिहून द्यावे. तोंडचे बोलणे विरून जाते. कागद राहतो.

तिसरे दार : कामाची जागा

गावाकडची पुष्कळ माणसे शहरात बांधकामावर जातात. मुलेही बरोबर असतात. बाप पाटी उचलतो. मूल वाळूच्या ढिगावर खेळते. वर विटा, खाली खड्डे. अशा जागी मूल मोकळे सोडणे म्हणजे जिवाशी खेळ.

१९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी हे पाहिले. त्यांनी बांधकामाच्या जागीच पाळणाघर सुरू केले. काम जिथे जाईल तिथे पाळणाघर जाई. म्हणून त्याला फिरते पाळणाघर म्हणत. पुढे मुंबईत आणि पुण्यातही अशी पाळणाघरे निघाली. शहरात कामाला गेलात तर आधी मुकादमाला विचारा, "इथं पोरांसाठी पाळणाघर आहे का?"

याला कायद्याचाही आधार आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात ३० पेक्षा जास्त बाया कामावर असल्या तर पाळणाघर ठेवावे लागे. बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा ५० पेक्षा जास्त बाया मोजत असे. दोन्हीकडे मोजणी बायांचीच होती. जणू पुरुषाला लेकरू नसतेच! २०२० साली संसदेने नव्या कामगार संहिता केल्या. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांत पाळणाघरासाठी सगळे कामगार मोजायचे आहेत. संख्या ५० ची धरली आहे. म्हणजे आता बापही मोजणीत आला.

गावातल्या सरकारी कामावरही अशी सोय करता येते. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक चांगली गोष्ट लिहिली होती. कामावर बायांबरोबर पाच किंवा जास्त लहान मुले आली, तर त्यांतल्याच एका बाईला मुले सांभाळायला नेमायचे. तिला त्याची मजुरी द्यायची. मूल सांभाळणे हेही काम आहे, हे त्यात कायद्याने मानले. नियम वेळोवेळी बदलतात. आज काय नियम आहे, ते ग्रामपंचायतीत विचारावे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची अडचण वेगळी. घर बंद करून सहा सहा महिने जावे लागते. थोरली मुले शाळा सोडून फडावर जातात आणि धाकट्यांना सांभाळतात. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे असतात. शिवाय २०२१ साली राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर केली. गाडी भरण्याआधी शाळेच्या गुरुजींना भेटा. "हंगामात आमच्या मुलीची राहण्याची सोय कुठे होईल?" असे विचारा. गाडी निघाल्यावर विचारून उपयोग नाही.

चौथे दार : पैशाची मदत

आता पैशाचे बोलू.

महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे. तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे. संगोपन म्हणजे सांभाळ आणि वाढवणे. ज्या मुलाची आई किंवा बाप वारला आहे, जे एकाच पालकाजवळ आहे, ज्याच्या घरात मोठा आजार आहे, अशा मुलांसाठी ही योजना आहे. वय १८ वर्षांच्या आत हवे. मदतीची रक्कम २०२३ साली वाढवली. ती एका मुलामागे दरमहा २,२५० रुपये केली. पैसे बँकेच्या खात्यात जमा होतात.

नीट वाचा. "आई किंवा बाप." आई गेली आणि बाप सांभाळतो, तरी मुलाचा हक्क आहे. काही लोकांना वाटते, ही मदत विधवा बाईलाच मिळते. तसे नाही. मदत मुलाला आहे.

केंद्र सरकारचे 'मिशन वात्सल्य' आहे. त्यातही काही मुलांना घरीच राहून वाढण्यासाठी मदत मिळते. २०२२ सालच्या नियमांप्रमाणे ती महिना ४,००० रुपये आहे. खेड्यातल्या घराचे वर्षाचे उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत लागते. पण हे प्रत्येकाला मिळत नाही. आईबाप फार आजारी आहेत, अपंग आहेत, मुलाला सांभाळू शकत नाहीत, असे काही कारण लागते. आपल्या मुलाला कोणती मदत लागू होते, ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारावे.

अर्ज कुठे द्यायचा? जिल्ह्याच्या गावी महिला व बालविकास अधिकाऱ्याचे कार्यालय असते. तिथे द्यायचा. मग घरी येऊन चौकशी होते. ज्याला कुणाला पाठवतील त्याला घर दाखवावे. गरिबी झाकू नये, आणि वाढवूनही सांगू नये. त्यानंतर बालकल्याण समितीपुढे मुलाचा कागद जातो. समिती हुकूम देते.

हे कागद गोळा करून ठेवा :

१. मुलाचा जन्मदाखला आणि आधार कार्ड
२. बापाचे आधार कार्ड आणि रेशन कार्ड
३. आईच्या मृत्यूचा दाखला. आजार असल्यास सरकारी डॉक्टरचा दाखला
४. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला
५. शाळेचा किंवा अंगणवाडीचा दाखला
६. बँकेच्या पासबुकाची नक्कल
७. मुलाचे आणि बापाचे फोटो

मूळ कागद आपल्याजवळ ठेवा. नकला द्या. आणखी काही कागद मागितला तर त्याचे नाव चिठ्ठीवर लिहून मागा. म्हणजे पुन्हा पुन्हा हेलपाटा पडणार नाही.

अर्ज असा लिहा

आता तुम्हाला लिहिता येते. मग अर्ज लिहायला दुसऱ्याची मिनतवारी कशाला? हा नमुना पाहून वहीत उतरवा. मोकळ्या जागी आपली माहिती भरा.

मा. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी,
जिल्हा ..........
यांस,

अर्जदार : .......... राहणार .......... तालुका ..........
विषय : बालसंगोपन योजनेची मदत मिळण्याबाबत.

महाशय,
मी मजुरी करतो. मला .... मुले आहेत. त्यांची नावे व वये अशी : ..........
मुलांची आई दिनांक .......... रोजी वारली. घरात मुलांना सांभाळणारे दुसरे माणूस नाही. मी कामाला गेलो तर मुले एकटी राहतात. मी कामाला गेलो नाही तर मजुरी बुडते.
तरी माझ्या मुलांना योजनेची मदत मिळावी, ही विनंती. सोबत कागद जोडले आहेत.

दिनांक ..........
आपला,
(सही) ..........

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या. दुसरीवर तारीख आणि शिक्का घ्या. ती प्रत जपून ठेवा. पैसे लगेच येत नाहीत. महिने जातात. विचारायला जाल तेव्हा शिक्क्याची प्रत बरोबर न्या.

एक गोष्ट विसरू नका. या अर्जाला फी नाही. "मी करून देतो, इतके पैसे द्या," असे म्हणणाऱ्याच्या हाती कागद देऊ नका. कोऱ्या कागदावर सही करू नका. मुलावर संकट आले, किंवा कुणाकडे जावे हे कळेना, तर १०९८ या नंबरावर फोन करा. तो मुलांसाठीच आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

पाचवे दार : शेजार

सरकारी मदत येईपर्यंत काय करायचे? आणि मदतीत बसत नाही त्याने काय करायचे?

आपल्या आळीत बघा. मुले सांभाळण्याची अडचण एकाच घराची नसते. एखादी आजी घरी असते. तिला शेतकाम झेपत नाही, पण मुलांची माया असते. चार घरे मिळून तिला सांगता येईल. पण फुकट सांगू नये. फुकटची सोय चार दिवस चालते. पाचव्या दिवशी आजी कंटाळते.

हिशेब करू. समजा, पाच घरे एकत्र आली. कामाच्या दिवशी प्रत्येक घर ३० रुपये देते. पाच घरांचे दिवसाला १५० रुपये झाले. महिन्यात २० दिवस काम मिळाले. आजीला ३,००० रुपये मिळाले. एका घराला पडले ६०० रुपये. ज्या बापाला एका मुलाची २,२५० रुपये मदत मिळते, त्याचे त्यातून ६०० गेले. उरले १,६५०. त्यात मुलाचे दूध, औषध, कपडे होतात. थोरली शाळेत जाते.

जागा स्वच्छ असावी. चूल, विहीर, औषधाच्या बाटल्या दूर असाव्यात. एका आजीवर फार मुले टाकू नयेत. मूल कोण नेणार हे ठरलेले असावे. अनोळखी माणसाच्या हाती मूल देऊ नये.

जागेसाठी ग्रामपंचायतीला विचारता येते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उठून विचारा, "या वर्षी ते पैसे कशावर खर्च झाले? त्यातून पाळणाघरासाठी सतरंज्या, भांडी, पंखा घेता येईल का?" एकट्याने विचारले तर आवाज लहान पडतो. पाच घरांनी मिळून विचारावे.

लाज कसली?

पुष्कळ बापांना मागायची लाज वाटते. "मी कमावता गडी, मी हात कसा पसरू?" असे त्यांना वाटते. आम्ही त्यांना एवढेच विचारतो : रस्ता सरकारने बांधला, त्यावरून चालताना लाज वाटते का? शाळा सरकारने काढली, तिथे मूल पाठवताना लाज वाटते का? ही मदतही तशीच आहे. ती बापाच्या नावाने मागायची असली तरी लेकराची आहे.

आणि दुसरेही ध्यानात ठेवा. मुलाला न्हाऊ घालणे, भरवणे, निजवणे ही फक्त बायकांची कामे नव्हेत. संध्याकाळी बापाने हात लावला तर थोरलीला अभ्यासाला तासभर मिळतो. त्या तासाला सरकारचा अर्ज लागत नाही.

नवे शब्द

संगोपन : सांभाळ करणे, वाढवणे
पालक : मुलाला वाढवणारा, आई, बाप किंवा दुसरे कुणी
उत्पन्न : वर्षाची मिळकत
नक्कल : मूळ कागदासारखा दुसरा कागद
संहिता : अनेक कायदे एकत्र करून केलेला कायदा

उत्तरे द्या

१. थोरलीची शाळा बुडाली तर खर्च वाचला असे म्हणता येईल का? का?
२. अंगणवाडीने कोणती सोय होते? कोणती होत नाही?
३. बालसंगोपन योजनेची मदत बापाजवळ राहणाऱ्या मुलाला मिळते का?
४. अर्जाच्या दोन प्रती कशासाठी करायच्या?
५. सहा घरांनी कामाच्या दिवशी प्रत्येकी २५ रुपये दिले, तर २० दिवसांचे किती रुपये जमतील?

करून पाहा

आपल्या आळीत फिरा. शाळेच्या वेळी कोणती मुलगी धाकट्याला घेऊन घरी बसली आहे, ते पाहा. तिच्या घरी जा. तिच्या आईबापांना हा पाठ वाचून दाखवा. अर्ज लिहायला त्यांना मदत करा.